दंडिकेच्या अधिपत्याखाली

सोमवार, २० जुलै. पहाटे सहा.
आजपासून नवे पर्व. 'उदयस्वर बाल वाद्यवृंद न्यास' या संस्थेस १५ ऑगस्ट रोजी चौदा वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी सकाळी दहा वाजता पॅरिश चर्चच्या मैदानावर, न्यासाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती लुयिम्बाझी यांच्या उपस्थितीत मी, ब्लाझियो लुकंगा, संस्थापक-संचालक तथा वाद्यवृंद-नियंता, स्वरचित महारचना 'अरुणोदय' सादर करणार. चार खंड. चाळीस मिनिटे. कटवे वस्तीतल्या भंगार वेचणाऱ्या, चपात्या भाजणाऱ्या, कोळसा विकणाऱ्या घरांतली एकतीस मुले ती वाजवतील.

संकल्प: नित्य पहाटे उठणे. चपातीत गुंडाळलेले ऑम्लेट दोनऐवजी एकच. मुलांची दृष्टी माझ्या दंडिकेवर स्थिर करणे (मुले दंडिकेला 'काठी' म्हणतात, तीही सवय मोडणे). शिवाय पंधरा तारखेच्या आत स्वरलेखन पुन्हा एकदा, म्हणजे प्रथमच, शिकून घेणे.

'अरुणोदय' तूर्त माझ्या कंठात आहे. मी गुणगुणतो, झैतुनी मोठ्या ड्रमवर ठेका धरते, मुले वाजवू लागतात. कागदावर उतरवण्याचे गौण कार्य आमच्या कार्यवाह तेओपिस्ताबाई करतील. बाकीचीही सारी गौण कार्ये त्याच करतात.

सोमवार, त्याच दिवशी. सकाळी साडेआठ.
एक ऑम्लेट अपुरे. उद्यापासून.

गुरुवार, २३ जुलै.
पोलीस बँडमध्ये ड्रमवादनाची एक जागा निघाली आहे. एकच. मागची सहा वर्षांपूर्वी निघाली होती. कायमची नोकरी, राहायला खोली, गणवेश. तेओपिस्ताबाईंनी जाहिरात माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "लुकंगासाहेब, ही जागा आपल्या झैतुनीसाठीच बनलीय. अठरा पूर्ण झाली पोरगी. नाहीतर जन्मभर आजीबरोबर कोळसा मापत बसेल."

चाचणी १५ ऑगस्ट, सकाळी नऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला. अर्जासोबत संचालकांचे शिफारसपत्र अनिवार्य.

चाचणीच्या तिथीचा योगायोग मी बाईंच्या निदर्शनास आणला. त्या म्हणाल्या, "मग?"

झैतुनी नाकिबुका गुणी आहे, यात संदेह नाही. परंतु अपरिपक्व. अपक्व फळ तोडणे हे माळ्याचे कर्तव्य नव्हे. पुढच्या जागेच्या वेळी अवश्य विचार करू. तेव्हा ती चोवीस वर्षांची असेल. उत्तम वय.

शनिवार, २५ जुलै. संध्याकाळ.
नतेते येथे एका विवाहप्रसंगी वादन. माझ्या शिक्षणपद्धतीचा लक्षणीय विजय. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझी दंडिका मांडवाच्या झालरीत अडकली. ती सोडवण्यास सुमारे चार मिनिटे लागली. एक शिडी व वधूचे दोन मामा उपयोगी पडले. तेवढ्या अवधीत वाद्यवृंद यत्किंचितही विचलित झाला नाही. एक गाणे संपवून दुसरे सुरू केले. गती, वळणे, समाप्ती, सारे अचूक. माझी अनुपस्थितीही किती नियंत्रक आहे!

वधूपित्याने झैतुनीला बोलावून उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा मातोके आग्रहाने दुसऱ्यांदा वाढला. मला विचारले, "तुम्ही शिडीवाले का?" गडबडीत माणसे ओळखू येत नाहीत.

मंगळवार, २८ जुलै.
झैतुनी कार्यालयात आली. रीतीप्रमाणे गुडघे टेकले, कुशल विचारले, मग शिफारसपत्र मागितले. आमच्या बुगांडा राज्यात मुली वडीलधाऱ्यांशी गुडघे टेकून बोलतात. झैतुनीचे टेकणे विशेष सुंदर असते. मात्र अकरा वर्षांच्या निरीक्षणान्ती असे आढळते, की तिचे गुडघे जितके नम्र, तितके पुढचे वाक्य कठोर.

आज अगदी जमिनीला टेकून म्हणाली, "सर, 'अरुणोदय' पुढच्या शनिवारीही उगवेल. माझी चाचणी नाही उगवणार."

मी तिला कलेतील त्याग या विषयावर पंचवीस मिनिटे मार्गदर्शन केले. ती 'हो सर' म्हणाली. सोळा वेळा. पत्र लिहितो असे वचन दिले. दिले ते पाळणारच.

शनिवार, १ ऑगस्ट.
शिफारसपत्राचा पहिला खर्डा सिद्ध. तीन पृष्ठे. माझे बालपण, संगीताची पहिली ओढ, न्यासाची स्थापना, आरंभीचे क्लेश (फुटका ट्यूबा मोटारींच्या सायलेन्सरवाल्याकडून जोडून घेतला तो प्रसंग हृद्य उतरला आहे). झैतुनीचा उल्लेख चौथ्या पृष्ठावर येईल. पार्श्वभूमीविना शिफारस म्हणजे पायाविना घर.

स्वरलेखन: पुस्तक आणले. मुखपृष्ठ आकर्षक.

बुधवार, ५ ऑगस्ट.
अर्जाची अंतिम तारीख परवा, असे तेओपिस्ताबाई म्हणाल्या. त्या हल्ली हे वाक्य माझ्याकडे न बघता म्हणतात.

दुपारी झैतुनीची आजी आली. नाल्वोगा-आजी कोळशाच्या काळ्या हातांनीच खुर्ची ओढून बसल्या. गुडघे टेकले नाहीत. सांधेदुखी असावी. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं ते गाण्याचं बाळ एकट्यानं चालत नाही, म्हणून माझ्या बाळाचे पाय बांधताय?" मी म्हणालो, कार्य मोठे आहे, काळ लागतो. त्या म्हणाल्या, "कागदावर तीन ओळी लिहायला काळ लागतो? मी लिहायला शिकले नाही ते बरं झालं. हाताला फार त्रास दिसतो."

मी हसून सोडून दिले. निरक्षर वर्गास लेखनप्रक्रियेची कल्पना नसते.

वस्तुतः मी तिच्या हिताचाच विचार करीत आहे. हे वाक्य आज तीनदा लिहून पाहिले. तिन्ही वेळा सुवाच्य आले.

शुक्रवार, ७ ऑगस्ट.
पत्र पाचव्या पृष्ठावर. अद्याप २००४ सालात आहे. वेळेच्या अभावी अपुरेच राहणार. खेद. परंतु नियतीपुढे कोणाचे चालते?

बाकी दिवस नेहमीचा. तेओपिस्ताबाईंनी आणलेल्या सात कागदांवर स्वाक्षऱ्या केल्या. वाचत बसलो नाही. विश्वास ही संस्थेची प्राणशक्ती.

सोमवार, १० ऑगस्ट.
झैतुनीला चाचणीचे बोलावणे आले. अर्जासोबत माझे पत्र होते म्हणे. तीन ओळींचे: 'झैतुनी नाकिबुका अकरा वर्षे आमच्याकडे ड्रम वाजवते. ती कधी चुकलेली नाही. तिला घ्या.' खाली माझी स्वाक्षरी. सातपैकी चौथा कागद.

तेओपिस्ताबाईंना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सही केलीत, साहेब. सुंदर सही आहे तुमची."

सखोल विचारान्ती माझ्या ध्यानात आले, की शिफारस मीच केली आहे. किती औदार्य! शैली मात्र कोरडी.

बुधवार, १२ ऑगस्ट.
न्यायमूर्तींकडे वेळ बदलून मागावी, असे बाईंचे मत. मी नकार दिला. एका ड्रमसाठी अरुणोदय थांबत नाही. पंधरा तारखेला आम्ही मोठ्या ड्रमविना वादन करू. ड्रम हा शेवटी काय, तर अधोरेखन. मूळ वाक्य दंडिकेचे.

हा निर्णय मुलांना सांगितला. मग ट्रम्पेटवाल्या किवुम्बीने विचारले, "म्हणजे सर, आम्ही तुमच्याकडे बघायचं?" मी म्हणालो, अर्थात. तो म्हणाला, "खरंच?" त्याच्या स्वरातील हर्ष मला भिडला. हर्षच असावा.

शुक्रवार, १४ ऑगस्ट.
झैतुनी निरोप घ्यायला आली. इतकी वाकून टेकली, की मी खुर्ची थोडी मागे सरकवली. म्हणाली, "सर, उद्या घाम पुसू नका."

मी विचारले, म्हणजे काय? ती म्हणाली, "आणि माशी बसली तर बसू द्या."

परीक्षेपूर्वी मुले असंबद्ध बोलतात. मी तिला आशीर्वाद दिला. 'यशस्वी हो' म्हणायचे होते. प्रत्यक्षात 'लवकर ये' म्हणालो. उच्चार स्पष्ट होता, म्हणून दुरुस्ती केली नाही.

शनिवार, १५ ऑगस्ट. दुपारी दोन.
घटनाक्रम वस्तुनिष्ठपणे नोंदवतो.

दहा वाजून पाच मिनिटांनी दंडिका उचलली. एकतीस वजा एक, तीस जोड्या डोळे माझ्यावर. चौदा वर्षांत असे कधी घडले नव्हते. अंगावर रोमांच. मी पहिला संकेत दिला आणि ते वाजवू लागले. मी सांगेन ते. अगदी मी सांगेन ते.

प्रथम खंडात रोमांचाने माझा हात किंचित कापला. वाद्यवृंद किंचित कापला. मला कपाळावर घाम आला. पुसण्यास डावा हात वर केला, तेव्हा ट्रम्पेटांनी आकाशभेदी स्वर लावला. दचकून हात खाली आणला, सारे थांबले. न्यायमूर्तींनी टाळ्या वाजवल्या. समाप्ती झाली असे त्यांना वाटले.

पुन्हा आरंभ. द्वितीय खंडात एक टकला करकोचा कचराकुंडीपासून चालत थेट मागच्या रांगेपाशी आला. मी त्याला दंडिकेने हाकलले. वाद्यवृंदाने गती दुप्पट केली. मी जोराने हाकलले. तिप्पट. करकोचा गेला नाही. उलट तन्मय दिसला. मी थांबण्याची खूण करण्यासाठी दोन्ही हात पसरले, आणि मुलांनी, आज्ञाधारक लेकरांनी, आपल्या साऱ्या फुप्फुसांनिशी त्याचा अर्थ लावला.

मग माझा चष्मा पडला. तो उचलण्यास वाकलो, तसा स्वर क्षीण, क्षीण, अतिक्षीण होत गेला. चष्मा लवकर सापडला नाही. सापडला तेव्हा संपूर्ण शांतता होती आणि न्यायमूर्ती उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

एकूण नऊ मिनिटे. तृतीय व चतुर्थ खंड व्हायचे राहून गेले.

न्यायमूर्ती म्हणाले, "लुकंगा, फारच आधुनिक! आणि तो पक्षी कुठून मिळवलात?"

आज वाद्यवृंद प्रथमच माझ्या दंडिकेनुसार वाजला.

शनिवार, संध्याकाळी सात.
वरचे वाक्य खोडायचे होते. पेन चालले नाही.

बुधवार, १९ ऑगस्ट.
झैतुनीची निवड झाली. चोवीस उमेदवार, एक जागा. तेओपिस्ताबाई कार्यालयातच रडल्या, मग रडत-रडत शेंगदाण्याच्या रश्शाचे पातेले ढवळायला गेल्या. मुलांनी तिला खांद्यावर घेऊन लोहारांच्या गल्लीतून मिरवले. लोहारांनी हातोड्यांनी पत्रे बडवून साथ दिली. मोकळा, अनियंत्रित ध्वनी. तालात होता.

मी तिला बोलावून विचारले, माझ्या शिक्षणपद्धतीविषयी चाचणीत काही विचारले का? नाही म्हणाली. मग मी विचारले, शनिवारी मुलांना अकस्मात काय झाले? चौदा वर्षे दंडिका पाळणारी मुले!

तिने गुडघे टेकले. मी खुर्ची धरून बसलो.

"सर, पोरं माझ्या हाताकडे बघायची."

हे मला अंशतः ठाऊक होते, असे मी म्हणालो.

"आणि सर, तुम्हीही. माझा ठोका पडला की मग तुमची काठी हलायची. म्हणून मी तुम्हाला दिसेन अशी उभी राहायचे. आधी उजवीकडे असायचे, आठवतं? तेव्हा तुम्ही चुकायचात."

मला आठवत नव्हते. मग आठवले. २००९. त्या वर्षी मी तिला मध्यभागी आणले, हा माझा निर्णय होता, असे मी दैनंदिनीत तेव्हा नोंदवलेले आहे.

मी तिला म्हणालो, जा, तुला उशीर होईल. ती उठली नाही. म्हणाली, "नाकाबुगोला शिकवलंय मी. अकरा वर्षांची आहे, पण हात पक्का आहे. तुम्ही फक्त तिच्याकडे बघत राहा."

शनिवार, २८ नोव्हेंबर. दुपारी चार.
पोलिसांच्या नव्या तुकडीचे दीक्षान्त संचलन. झैतुनीने दोन पास पाठवले होते: एक आजीला, एक मला. तेओपिस्ताबाई म्हणाल्या की स्वतःसाठी त्यांनी मागितलाच नाही.

नाल्वोगा-आजींच्या शेजारी बसलो. त्यांनी हात स्वच्छ धुतले होते. नखांत थोडा कोळसा उरला होता. मी म्हणालो, अभिनंदन. त्या म्हणाल्या, "मास्तर, ती तीन ओळींची चिठ्ठी कुणी लिहिली ते मला माहीत आहे." जरा वेळाने म्हणाल्या, "बसा. ऊन लागतंय, इकडे सरका."

बँड आला. अग्रभागी एक उंच गृहस्थ चांदीची मूठ असलेला दंड गरागरा फिरवीत होते. सारे आपल्यामागे चालले आहेत, अशी त्यांची मुद्रा. मला त्यांच्याविषयी कमालीची आत्मीयता वाटली.

त्यांच्या मागे, चौथ्या रांगेत, झैतुनी. पांढरे हातमोजे, मोठा ड्रम. ठोका पडला आणि दोनशे बूट एकदम भूमीवर आले.

काही वेळाने आजींनी मला कोपराने ढोसले. "काय हो, अंगात आलंय का?"

पाहतो तो माझा उजवा हात हवेत होता. हलत होता. मागच्या रांगेतली माणसे वाकून पाहत होती.

"खाली घ्या," आजी म्हणाल्या. "पोरगी चुकेल."

मी हात खाली घेतला. वादनात काहीही फरक पडला नाही.