तीन पाण्यांनी धुतलेल्या शेवाळाबाबत

प्रति,
डॉ. अन्वर काझी साहेब,
अधीक्षक, अल-साहिल खाजगी दवाखाना,
देरा, दुबई.

विषय : अर्जदारास 'लबाड' ठरवणारा शेरा खोडणे व शुक्रवारच्या बोटीने त्यास मुंबईस न धाडणे याबाबत.
संदर्भ : आपला परवाचा तोंडी हुकूम, "खलास, याला बोटीत बसवा."

महोदय,

अर्जदार बदरुद्दीन मुकादम, आपल्या दवाखान्यातील लॅब असिस्टंट, सविनय कळवतो की, साहेब व अर्जदार दोघेही दाभोळचे असले तरी अर्जदाराने त्याचा फायदा कधी घेतला नाही. साहेबांनी मात्र घेतला. दुसऱ्या कोणाला त्यांनी चारचौघांत 'बदऱ्या' म्हटले नसते. अर्ज मराठीत आहे, कारण साहेबांना मराठी येत नाही ती फक्त इंग्रज पाहुण्यांसमोर.

१. खाडीच्या तोंडाशी खडकांवर जे हिरवे शेवाळ वाढते, त्याच्या अंगावर राहणारे काही जंतू इतर जंतूंना जवळ फिरकू देत नाहीत. पू करणारे जंतू काचेच्या बशीत वाढवून त्यात हे शेवाळ ठेवले की त्याच्याभोवती स्वच्छ कडे उमटते. अर्जदाराने हे साहेबांना दाखवले. साहेबांनी लगेच इंग्रज डॉक्टरांना चहाला बोलावले आणि हा आपला शोध असल्याचे सांगितले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. आहे, पण ती नंतर.

२. पाहुणे येण्याआधी साहेबांनी बादलीत डोकावून नाक मुरडले व आया मैमुनाबींना फर्मावले, "यल्ला, चल, हा दर्याचा कचरा आधी धुऊन पाक कर, मग माझ्या टेबलावर ठेव." मैमुनाबींनी घरच्या रीतीने शेवाळ तीन पाण्यांनी चोळून धुतले, तेही गाढवावरून विकायला येणाऱ्या गोड्या पाण्याने. कामाचे जंतू शेवाळाच्या अंगावरच असतात, ते धुतले तर उरेल ती निव्वळ पालेभाजी, असे अर्जदार ओरडत राहिला. साहेब म्हणाले, "पाकी तू मला शिकवणार, बदऱ्या?"

३. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर, धुतलेले शेवाळ ठेवलेल्या बशीचे झाकण उघडले. कडे नव्हते, जंतू मजेत होते. तोवर साहेबांचा असलेला शोध त्या क्षणी अर्जदाराचा झाला. "ये सब इसका फ्रॉड है," असे म्हणून साहेबांनी सर्व्हिस बुकात 'लबाड' लिहिले. हा शेरा घेऊन मुंबईत उतरल्यावर कोणती लॅब अर्जदाराला दारात उभे करील? अर्जदाराला भयंकर संताप आला आहे व तो येथे नम्रपणे नोंदवण्यात येत आहे.

४. साहेबांच्या मानेवर गळू झाले आहे, हे दवाखान्यात सर्वांना ठाऊक आहे, कारण त्याचा राग सर्वांवर निघतो. त्याचा पू तपासणीस अर्जदाराकडेच आला होता. तपासणीनंतर उरलेल्या जंतूंत अर्जदाराने न धुतलेले शेवाळ ठेवले. आज सकाळी सुरेख कडे उमटले आहे. अर्जदारावर नाही, तर निदान स्वतःच्या जंतूंवर तरी साहेबांनी विश्वास ठेवावा.

सबब, शेरा आजच खोडावा ही विनंती. बशीवर रुग्णाचे नाव घालण्याचा नियम साहेबांनीच केलेला असल्याने तो पाळला आहे.

आपला नाइलाजाने नम्र,
बदरुद्दीन मुकादम
देरा, १४ नोव्हेंबर १९६२

सोबत : झाकणबंद बशी, एक. कृपया मैमुनाबींच्या हाती देऊ नये. दिली तरी हरकत नाही; अशीच दुसरी बशी, साहेबांच्या नावासह, आज सकाळीच इंग्रज डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचली आहे.