फक्त कंबर

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा आहेत. ठणठणीत नाहीत, पण आहेत, आणि आवाज अजून तसाच खणखणीत. फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. आपल्या दोन खोल्या, मधे एक पडदा. बाबांना अंथरुणातून उठता येत नसलं तरी कान मांजरीचे. तुझा फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, आणि तू विचारतेस, ताई, तुमच्याकडे सारखं पाणी कसं गं चालू असतं? असतं बाई, काय करणार.

मागे तू विचारलं होतंस, मी ऑफिसात नक्की करते तरी काय. मी म्हटलं, लोकांच्या कमरा मोजते. थट्टा होती, पण फार खोटी नाही. डॉक्टर पेशंटला तपासून काय आढळलं ते लिहितात, ते कागद नाव झाकून आमच्याकडे येतात. आम्ही ते वाचून प्रत्येक दुखण्याला त्याचा कोड, म्हणजे ठरलेला नंबर, लावायचा. त्या कोडवर विमा कंपनी पैसे देते. माझ्या वाट्याला आल्यात कमरा. मणक्यांमधल्या चकत्या वयाबरोबर झिजतात, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. पण हल्ली नुसतं 'झिजल्या' म्हणून भागत नाही. दुखणं फक्त कमरेत आहे, की पायातही उतरतं, की कुठेच दुखत नाही, हे लिहिलेलं असावं लागतं. डॉक्टर घाईत 'कंबरदुखी' खरडून मोकळे. मग त्यांना प्रश्न पाठवायचा, आणि तोही उत्तर न सुचवता. पाय दुखतोय ना हो, असं विचारायची सोय नाही. दुखणं कुठे ते स्पष्ट करावे, बस्स. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा आमच्याकडचा कायदा.

तर दिवसभर खुर्चीला चिकटून मी दुसऱ्यांच्या कमरा वाचते आणि घरी येऊन बाबांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवते. माझी कंबर काय सोन्याची आहे? दुखायला लागली. मग उजव्या पायात मुंग्या आल्या. मग बाबांना उचलताना पायातून अशी कळ जायची की डोळ्यांपुढे काजवे. ओरडायची सोय नव्हती, पडद्यापलीकडून लगेच चौकशी. शेवटी दवाखाना गाठला.

डॉक्टरांना मी इतकं नेटकं सांगितलं म्हणून सांगू! दुखणं फक्त कमरेत. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, जोर शाबूत. ते बिचारे खूश. आयती नोंद तोंडाने सांगणारा पेशंट त्यांना कुठे मिळतो? तसंच्या तसं लिहून घेतलं, पट्टा दिला, व्यायाम दिले. मला पक्कं ठाऊक होतं, पाय म्हटलं की तपासण्या, तपासण्यांमागून ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे महिनोन् महिने वजन उचलायचं नाही. मग बाबांना कोण उचलणार? म्हणून पायच गाळून टाकला. धंद्यातलं ज्ञान हे असं वापरलं मी.

बाई ठेव म्हणशील. ठेवली होती. बाबांनी तिच्या अंगावर पाण्याचा पेला भिरकावला. दुसरी ठेवली, ती पहिलीकडून ऐकून आलीच नाही. आणि तू... तू घर सोडलंस त्या दिवशी बाबा म्हणाले होते, ही पुन्हा या घरात दिसता कामा नये. तूही त्यांचीच मुलगी, दिसली नाहीस. तुमचे दोघांचे हट्ट आणि मधे मी, अडकित्त्यातली सुपारी. खरं लिहू? मला वीट आलाय. खुर्चीतून सुटते ती पलंगापाशी, पलंगापासून सुटते ती खुर्चीत. तुझा रागही आलाय कितीदा. बाबांचा तर रोजच येतो, आणि मग त्यांचे पातळ झालेले पाय पुसताना जातो. संध्याकाळी पुन्हा येतो.

पण माझी हुशारी फार दिवस टिकली नाही. आमच्या ऑफिसात समोरच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, त्यांना आम्ही सगळे शंकासूर म्हणतो. कुठल्याही कागदावर शंका काढतील. त्यांच्या प्रश्नांना डॉक्टर कंटाळलेत. आमच्या दवाखान्याचे कागद आमच्याच ऑफिसात येतात आणि माझे गेले नेमके त्यांच्याकडे. डॉक्टरांनी लिहिलेलं, पायात काही नाही. पण आधी नर्सनं वजन, रक्तदाब घेताना दोन ओळी लिहून ठेवलेल्या: भिंत धरून चालते, उजवी चप्पल दारातच निघून राहिली, पेशंटला कळलं नाही. आणि खरंच गं, मला कळलंच नव्हतं. एका पायानं अनवाणी खुर्चीपर्यंत गेले होते मी, आणि वर तोंड करून सांगत होते, बधिरपणा नाही.

शंकासुरांनी प्रश्न पाठवला: दोन नोंदी जुळत नाहीत, स्पष्ट करावे. डॉक्टरांनी मला परत बोलावलं, तो प्रश्न दाखवला, खाली शंकासुरांची सही, आणि टाचांवर उभं राहा म्हणाले. डावा पंजा उचलला गेला, उजवा जमिनीवरच. मी मनात हुकूम सोडत होते आणि तो माझा पायच नसल्यासारखा पडून होता. रडूच फुटलं मला तिथे. नाव झाकलेलं असलं तरी शंकासुरांनी ओळखलं असणार, कागदात लिहिलेलंच होतं, घरी अंथरुणाला खिळलेले वडील, काम बैठं, आणखी कोण असणार? पेशंटविषयी बोलायची आम्हाला मुभा नाही. साऱ्या जगाला प्रश्न विचारणारा माणूस, मला मात्र एक अक्षर विचारलं नाही. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवतात एवढंच.

नस दाबली गेली आहे, ठमे. आणखी उशीर केला तर पंजा कायमचा लुळा राहील म्हणतात, वेळेवर केलं तरी पूर्ण येईल याची हमी नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी ऑपरेशन ठरलंय. पहिले काही दिवस मी दवाखान्यात, नंतर घरी येईन तीही आडवीच. घरचं कोण, असं विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगून आले, तुला न विचारता. मला फार भीती वाटते गं. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आता मागते आहे. बाबांना मी काल सांगितलं, तू येशील म्हणून. म्हणाले, मला भिंतीकडे वळव. मी वळवलं. मग भिंतीला म्हणाले, आली तर हाकलून देईन. आता तूच बघ, तुला हाकलायला उठणार कोण? ते उठू शकत नाहीत आणि मी उठू शकणार नाही. या घरात पायावर उभी असलेली तू एकटीच असशील. ये.

तुझीच,
ताई