चार आणि सहाच्या मध्ये

गुरुवार, २६ डिसेंबर
सकाळी साडेदहा

चि. चिमीस,

ताईचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव, मी पाठवून मोकळी.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकीट न उघडता फेकून द्यायला फोन कापण्यापेक्षा जरा जास्त जीव लागतो, तेवढीच आशा. आणि चिमी म्हटलं म्हणून रागावू नकोस. तू पन्नाशीची झालीस तरी माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहानच राहणार.

इकडे सगळे आलेत. दादा-वहिनी, चुलत भावंडं, त्यांची पोरं, सगळी मिळून चोवीस माणसं आणि न्हाणीघरं दोन. सकाळी रांग लागते. नाना काठी घेऊन रांगेच्या तोंडाशी उभे राहतात आणि दोन मिनिटं झाली की दारावर काठी वाजवतात. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली, पण त्यांच्यातला कवायतीचा मास्तर काही रिटायर होत नाही. थंडी म्हणशील तर नळाखाली हात धरवत नाही. पोरांना त्याचं काही नाही, तोंडातून वाफ सोडत अंगणात हुंदडतात आणि चिखलाचे बूट घेऊन थेट माझ्या शिवणाच्या खोलीत येतात. तिथेच त्यांच्या गाद्या घातल्यात. मशीनवर चादर टाकून ती वर दोरीने बांधून ठेवलीय, कारण धाकट्यांना पायडल म्हणजे मोटार वाटते.

सूपचं मोठं पातेलं आठवतं ना? आपण दोघी उचलायचो. आता मी आणि वहिनी उचलतो, आणि ती दर वेळी म्हणते, सांभाळा हं, सांभाळा. चाळीस वर्षं मी ते पातेलं उचलतेय, पण असो.

काल सगळ्यांची मापं घेतली. तुला माहीतच आहे, हिवाळ्यात मापं घ्यायची आणि वर्षभरात एकेकाचा कोट शिवून पाठवायचा, हा माझा उद्योग. कोणाची बाही दोन इंच वाढली, कोणाचं पोट. वहीत प्रत्येकाचं एक पान आहे. पाचूचं पान चार वर्षांपूर्वी थांबलंय, छाती पंचवीस, बाही सोळा. आता ती बारा वर्षांची. कदाचित माझ्या खांद्याला लागत असेल.

तू म्हणशील, एवढ्या गोतावळ्यात ताईची मजा आहे. आहे गं. टॉवेल कुठे, मीठ कुठे, बाळाचं औषध कोणी उचललं, हे मला सकाळपासून पन्नास वेळा विचारून झालंय. तू कशी आहेस असं कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होते? वर्षातले आठ दिवस हे घर भरतं. बाकीचे दिवस मी आणि नाना. त्यांना ऐकू कमी येतं आणि मला बोलायला कमी सुचतं, त्यामुळे आमचं छान जमतं. संध्याकाळी मी मशीन चालवते ती कधी कधी नुसतीच चालवते, दोरा न ओवता. आवाज असला की बरं वाटतं. हे कोणाला सांगू नकोस, लोक म्हणतील म्हातारीला लागलं वेड.

मुख्य बातमी राहिलीच. दादाच्या थोरलीला ऑगस्टमध्ये मुलगी झाली. गुटगुटीत आहे, दात नाहीत पण चावते. आता बाळ आलं म्हणजे आकडा आला. नानांचं ते वेड तसंच आहे. नातवंडं कुठेही निघाली, की "आकडे!" अशी आरोळी ठोकायची आणि प्रत्येकाने जन्माच्या क्रमाने आपापला आकडा ओरडायचा, म्हणजे कोणी मागे राहत नाही. थोरली सव्वीस वर्षांची झाली, कडेवर पोर आहे, तरी परवा "एक!" म्हणून ओरडली. मिळाला आकडा तो जन्माचा. तुझ्या लेकीला तर नावच त्यावरून पडलं, पाचवी म्हणून पाचू.

तर झालं असं, की चार वर्षं पोरं चारवरून एकदम सहावर उडी मारतात, आणि धाकटी तिथे हसतात. परवा जेवताना दादा म्हणाला, बाळाला बारावा कशाला, पाच देऊन टाकू, भोक तरी बुजेल. तुला दादा माहीत आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या मनात काही नसतं. पण नानांनी ते उचलून धरलं. म्हणाले, त्या पोरीने एकदा कबूल करावं की ती खोटं बोलली, आकडा तिचाच आहे. नाहीतर एक तारखेला सगळे निघतील तेव्हा बाळाला देऊ.

मी बटाटे सोलत होते, सोलत राहिले.

म्हणून म्हणते, चिमे, तूच काहीतरी कर. नाना आता किती दिवसांचे सोबती? पाचूकडून फोनवर एक वाक्य म्हणवून घे, "चुकलं माझं, नाना", बस. लहान मुलांनी चुकलं म्हणण्यात कसला आलाय कमीपणा? म्हटलं की सुटलं. मग पुढच्या वर्षी तुम्ही तिघं या, आपण दोघी पातेलं उचलू. कुरियरवाला बाराला येतो, त्याच्याकडे पत्र देते. उद्या तुला

◆

बुधवार, १ जानेवारी
दुपारचे तीन

चिमे,

वर वाक्य अर्धवट सुटलंय ते तसंच ठेवते. कुरियरवाला आला होता. मी दारापर्यंत पाकीट नेलं आणि त्याला म्हटलं, काही नाही रे, जा. सहा दिवस हा कागद मापाच्या वहीत होता. आज काढून वाचला. वरचा परिच्छेद खोडून नवीन कागद घ्यावा असं फार वाटलं. घेतला नाही. तुझी ताई कोणत्या थराला गेली होती ते तुला दिसायला हवं.

आता सांगते. सरळ सांगायला जमेल असं नाही, पण मध्ये थांबणार नाही.

पाचू चार वर्षांची असताना तिचं बोलणं अडखळायला लागलं, आठवतं? "प"वर तर गाडी हमखास अडायची. आणि आपल्या नशिबाला तिचा आकडा पाच. पहिल्या वर्षी नानांनी आरोळी दिली, चारपर्यंत आलं, आणि पोर "प... प..." करत उभी. सगळी पोरं हसली. तिचे कान लाल झाले. पुढच्या वेळी मी तिच्या मागे उभी राहिले, आणि चार आलं की तिच्या डोक्यामागून बारीक आवाज काढून मीच "पाच!" म्हटलं. तिने मागे हात करून माझं बोट दाबलं. तेव्हापासून ते आमचं गुपित होतं. माझा लहान मुलांचा आवाज किती चांगला जमतो ते तुला ठाऊक आहे, लहानपणी तुला त्याच आवाजात गोष्टी सांगायचे.

तू सगळ्यांना सांगायचीस, ताईकडे गेली की पाचूची जीभ सुटते, आकडा कसा खणखणीत म्हणते. डॉक्टरलाही सांगितलंस. मी ते ऐकून खूश व्हायचे. चिमे, तिने इथे एकदाही पाच म्हटलेलं नाही. चारही वर्षं मीच म्हणत होते.

तळ्यावरच्या त्या दिवशी तुम्ही दोघं मोटारीने पुढे निघून गेलात. पोरं बसमध्ये आमच्याबरोबर. अंधारून आलं होतं, सगळे कुडकुडत होते, मी मागच्या बाकावर धाकट्याच्या कोटाचं तुटलेलं बटण लावत होते. पुढून नानांचं "आकडे!" झालं. एक, दोन, तीन, चार. मी सुईकडे बघत होते. चारनंतर क्षणभर शांत झालं, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "पाच." लगेच सहा, सात, सगळे अकरा. नाना म्हणाले, चला. बस निघाली.

माझ्या पुढच्या बाकावर ती नव्हतीच. मी मान वर करून बघितलंही नाही.

पुढचं तुला माहीत आहे. घरी पोचायला चाळीस मिनिटं, परत जायला चाळीस, आणि मधली धावपळ. होड्यांच्या राखणदाराने तिला आपल्या खोपटात शेगडीजवळ बसवलं होतं. नाव विचारलं तर तिला सांगता येत नव्हतं. इथे आणल्यावर नाना म्हणाले, बसमध्ये सगळ्यांनी पाच ऐकलं, म्हणजे ही बसमध्ये होती, आकडा म्हणून मागच्या दाराने मुद्दाम उतरली. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं." कितीदा अडखळून म्हणाली. नाना म्हणाले, खोटं बोलू नकोस, आणि तिच्या गालावर मारलं. आयुष्यात त्यांनी नातवंडाला मारलं ते तेवढंच.

तेव्हा मी तिला शाल गुंडाळत होते. माझे हात तिच्या खांद्यावर होते. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. वाट बघितली तिने. मी मूग गिळून बसले.

आणि तिने माझं नाव घेतलं नाही. ना तेव्हा, ना बहुधा तुझ्याजवळ. नाहीतर चार वर्षांत तू मला एकदा तरी शिव्या द्यायला फोन केला असतास. आठ वर्षांच्या पोरीने आमचं गुपित पाळलं, आणि मी, साठीची बाई, तिच्यामागे लपले. तू दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरताना म्हणालीस, माझी मुलगी खोटं बोलत नाही. मी तुला डब्यात सँडविच भरून दिलं.

का बोलले नाही? पहिल्या रात्री भीतीने. आपली तर पाचावर धारण बसली होती. मग वाटलं, उद्या सांगू. मग तू निघून गेलीस आणि सांगून काय उपयोग असं वाटलं. हे सगळं खरं आहे, पण खरं कारण हे नाही. चिमे, मला लग्न नाही, पोर नाही. वर्षातले हे आठ दिवस लोक आपली मुलं माझ्या हातात देऊन निर्धास्त झोपतात. तेवढंच माझ्याजवळ आहे. हे कळलं तर कोण देईल? तुझ्या लेकीच्या बदल्यात मी बाकीची दहा माझ्याजवळ ठेवली. यापेक्षा चांगल्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

आज सकाळी सगळे निघायला अंगणात जमले. सामान गाड्यांत चढलं होतं. नानांनी बाळाला हातात घेतलं, दादा फोटो काढायला पुढे झाला. नाना म्हणाले, आजपासून ही पाच. मी दारात सँडविचचे डबे घेऊन उभी होते. ते खाली ठेवले आणि म्हटलं, "नाना, त्या दिवशी बसमध्ये पाच मी म्हटलं होतं. पाचू खरं बोलत होती."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं, सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग सगळं सांगितलं. दादा फोन खिशात घालून खाली बघत राहिला. माझ्या पायाशी धाकट्यांतला एक उभा होता, त्याला वहिनीने हाताला धरून आपल्याकडे घेतलं. मुद्दाम नसेल केलं. पण घेतलं.

नानांनी बाळ थोरलीच्या हातात परत दिलं. ती म्हणाली, हिला बाराच राहू दे. मग नानांनी काठी टेकली आणि नेहमीसारखी आरोळी दिली. एक, दोन, तीन, चार. चारनंतर सगळी पोरं थांबली. या वेळी कोणी हसलं नाही. नाना सहाला पुढे जाऊ देईनात. काठीवर दोन्ही हात ठेवून फाटकाकडे बघत उभे राहिले, इतका वेळ की शेवटी दादाने त्यांचा दंड धरला. मग सहा झालं, आणि शेवटी बारा थोरलीनेच म्हटलं.

एरवी निघताना पोरं माझ्या गळ्यात पडतात, ओढून काढावी लागतात. आज एकेकाने नीट नमस्कार केला. पुढच्या वर्षीचं विचारलं तर वहिनी म्हणाली, बघू, ताई, अजून वर्ष आहे. ते बरोबरच आहे तिचं. मीही तेच म्हटलं असतं.

आता घरात कोणी नाही. नाना दार लावून बसलेत, जेवायला आले नाहीत. मघाशी दाराच्या फटीतून एवढंच विचारलं, "मी तिला कोणत्या गालावर मारलं होतं?" मला आठवलं नाही. तुला आठवत असेल तर कळव, त्यांना ते हवं आहे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायचं तोंड मला नाही, आणि मागायचं असेल तर तुझ्याआधी तिच्याकडे. फक्त हे पत्र तिला वाचायला दे. सगळ्यांसमोर सांगितलं, नानांसमोर, तिच्या दहाही भावंडांसमोर, हे तिला कळू दे. तिला मला काही बोलायचं असेल तर फोन करू दे, वाटेल ते बोलू दे. नसेल करायचा तरी चालेल, मी रोज चार ते सहा फोनजवळ असेन.

आणि ती अडखळली तर अडखळू दे, चिमे. कितीही वेळ लागू दे. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
ताई