तुमच्या नावाची गार

बाबा, तुम्हाला एका बेटाबद्दल सांगायचं आहे. मी निवृत्त झाले त्या वर्षी नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. पोर्तो रिको नावाच्या बेटावर आजवर आलेल्या चक्रीवादळांचा इतिहास. पुस्तकवाला म्हणाला, बाई, हे कोणी घेत नाही, न्या. मी पांढुर्ण्याच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. वेस्ट इंडिज बेटं फळ्यावर खडूने काढताना दरवर्षी माझ्याकडून दोन-तीन बेटं सुटायचीच. म्हटलं आता तरी नीट वाचू. शब्दकोश शेजारी घेऊन, पुढे पुढे भिंग घेऊन, ते पुस्तक मी किती वेळा वाचलं त्याचा हिशोब नाही. घरातले हसतात. म्हातारीला सातासमुद्रापलीकडच्या वादळांचं काय पडलंय, म्हणतात. त्यांना काय सांगणार? हे पुस्तक वाचायला हवं होतं तुम्ही, आणि तुम्हाला तर सही करण्यापुरतीच अक्षरं येत होती.

त्या बेटावरचे मूळचे लोक म्हणत, वादळ ही एक बाई आहे. रागीट. तिचे दोन चाकर. एक पुढे ओरडत जातो, की बाई येते आहे. दुसरा दऱ्याखोऱ्यांत पाणी गोळा करून ठेवतो आणि मग एकदम सोडून देतो. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आता तिसरा येईल, जो तिला हात जोडून, दटावून परत पाठवतो. पान उलटलं, तर तिसरा नव्हताच. नंतर गोरे लोक आले, त्यांचे पाद्री आले. वादळाच्या महिन्यांत चर्चमध्ये वादळ टळावं म्हणून वेगळी प्रार्थना होऊ लागली. पण ती सगळ्यांनी मिळून करायची. वादळ आलंच तर ते देवाच्या मनात होतं, झालं. एका पाद्र्याला धरून कोणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझं काय चुकलं? पाचशे वर्षांच्या त्या इतिहासात असा एकही माणूस मला सापडला नाही. आपल्या गावात होता. आपल्या गावात गार पडली तर कोणाला विचारायचं हे ठरलेलं होतं, कारण गावाचे गारपगारी तुम्ही होता.

माझ्या नातवंडांना हा शब्द माहीत नाही. गारपगारी म्हणजे गारा अडवणारा, असं सांगितलं की ती मोबाईलवरून डोळे वर करून माझ्याकडे बघतात आणि पुन्हा खाली बघतात. त्यांची चूक नाही. रामाकोन्याहून कोसभर आत आपलं गाव, पुढे मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, संत्र्याच्या बागा, मागे गहू-हरभरा. माघ-फाल्गुनात आभाळ भरून आलं, वारा पडला, ढगाला तो हिरवट काळा रंग चढला, की लोक आभाळाकडे बघायचे आणि मग आपल्या घराकडे. तुम्ही पागोटं काढून ठेवायचे, केस मोकळे सोडायचे, लोखंडी त्रिशूळ घ्यायचे आणि मारुतीच्या पारावर जाऊन उभे राहायचे. त्रिशूळ ढगाकडे रोखून तुम्ही बोलायला लागला, की तो आवाज तुमचा वाटत नसे. जाय, डोंगरात जाय, झुडपात जाय, माह्या गावाले सोड. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून उपाशी असायचे, कारण तुम्हाला ढग आदल्या दिवशीच कळायचा. आणि आपल्या घरची एक रीत होती. तुम्ही पारावर असेपर्यंत घरच्या कोणी तुम्हाला मागून हाक मारायची नाही. मी चार-पाच वर्षांची असताना एकदा ‘बाबा’ म्हणून धावत निघाले, तर आईने पिठाच्या हाताने माझं तोंड दाबलं होतं. ते पीठ नाकात गेलेलं मला अजून आठवतं. "टोकलं का बापाची बांधनी सुटते व पोरी, मंग गार कोनाच्या बापाचं आयकत नाई," असं ती चुलीपाशी बसून मला समजावत होती.

गार पडलीच नाही तर सुगीला प्रत्येक खळ्यावर तुम्हाला सूपभर धान्य मिळे. पडली तर कोणी देत नसे आणि तुम्ही मागत नव्हता. तुम्हाला सगळ्या जुन्या गारा पाठ होत्या. शिवरात्रीची गार, रंगपंचमीची गार, संक्रांतीची गार. तुमच्या आज्याच्या काळातली धाकटी शिवरात्रीची सुद्धा. बाबा, त्या बेटावरही असंच आहे. तिथे वादळ ज्या संताच्या दिवशी येतं त्या संताचं नाव त्याला मिळतं. एकाच संताच्या दिवशी दोनदा वादळ आलं, तेव्हा लोकांनी नंतरच्याला ‘दुसरा’ म्हटलं. हे मी वाचलं आणि मोठ्याने हसले. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं. धाकटी शिवरात्रीची, तसा हा धाकटा संत.

सत्तेचाळीस साली शाळेत झेंडा लागला तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही कुंपणाबाहेर उभे होता. गुरुजींना तुम्ही विचारलंत, "गुरुजी, इंग्रज गेला हे बरं झालं. पन गारीचं काई ठरलं का?" मग मालगुजारी गेली. तुम्हाला पारावर उभं राहायला सांगणारा मालगुजार नागपूरला जाऊन राहिला. तुम्ही मात्र उभे राहतच होता. त्याच काळात तुम्ही मला सौंसरला शिकायला ठेवलंत. गाव म्हणालं, गारपगाऱ्याच्या पोरीला शिकून काय ढग वाचायचे आहेत? तुम्ही म्हणालात, "हो. माह्यापेक्षा बरे वाचंल." आणि खरंच, मी ढग वाचायला शिकले. गारा कशा होतात, थेंब वर कसा जातो, थिजतो, पुन्हा वर जातो, हे मी तुम्हाला सुट्टीत अंगणात काडीने आकृती काढून समजावलं होतं. तुम्ही उकिडवे बसून सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे वर जाते तवाच थांबवाले पायजे." मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता वाटतं, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत माझं म्हणणं इतकं मनावर कोणीच घेतलं नाही.

छप्पन साली राज्यं नव्याने आखली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो. तुम्ही म्हणालात, "गारीले काय मालूम, इकडं भोपाळ हाय न् तिकडं मुंबई." मी तेव्हा सौंसरच्या मुलींच्या शाळेत नुकती लागले होते, वीस वर्षांची. शाळा तपासायला नवे इन्स्पेक्टर आले, नर्मदेकडचे. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पुढच्या फाल्गुनात खेड्यांच्या शाळा बघायला निघाले, तर दुभाषी म्हणून हेडबाईंनी मला बरोबर दिलं. माझं गाव त्या बाजूला आहे एवढंच हेडबाईंना माहीत होतं. छोट्या गाडीने रामाकोना, तिथून बैलगाडी. इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. वाटेत त्यांनी मला विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, आई-वडील, शेती आहे. शेती कसली बाबा, दोन बिघे बरड.

दुपारी शाळेच्या ओसरीत मुलांचे पाढे चालू होते आणि अंधारून आलं. तोच हिरवट काळा रंग. ओसरीतून मारुतीचा पार समोर दिसतो, तुमची पाठ आमच्याकडे. उघडं डोकं, मोकळे केस, पाठीची हाडं वर आलेली, वर रोखलेला त्रिशूळ, आणि तुमचं ओरडणं. इन्स्पेक्टर चष्मा पुसून बघायला लागले. म्हणाले, "ये आदमी किससे लड़ रहा है?" आणि हसले. चांगलं मनमोकळं हसले, कुत्सित नाही. मग मला विचारलं, "आप जानती हैं इसे?" मी म्हटलं, "जी नहीं."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आजवर कुठेच लिहिलेलं नाही. शाळेचे मास्तर मला ओळखत होते. ते माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल, आता सगळं बाहेर येईल. तुमचा आवाज चढत होता, मुलं पाढे सोडून खिदळत होती. मी ओसरीच्या काठावर गेले आणि परक्या माणसाला मारावी तशी हाक मारली. "ओ महाराज! बंद करा ते, आत या!" गावातले सगळे तुम्हाला महाराजच म्हणत. घरी मात्र मी कधीच म्हटलं नव्हतं. तुम्ही वळलात. हात खाली आला. ओसरीवर मी, माझ्या बाजूला साहेब, हे तुम्ही पाहिलंत, आणि मला वाटतं तुम्हाला एका नजरेत सगळं कळलं. तुम्ही त्रिशूळ पाराला टेकवून ठेवला. मग गार आली.

किती वेळ पडली कोण जाणे. कौलं फुटली, गोठ्यात वासरं ओरडली. नंतर जे शांत झालं ते आणखी वाईट होतं. सगळीकडे संत्र्याच्या फुलांचा दाट वास. पुढच्या वर्षाचा बहर मातीत आणि पिकलेलं फळ फुटून पांढऱ्या गारांत पडलेलं. गहू झोपला होता. कपाळावरून रक्त ओघळत असतानाच तुम्ही ओसरीपाशी आलात. साहेबांना नमस्कार केलात आणि मला, अगदी परक्या बाईला विचारावं तसं विचारलंत, "बाई, तुमच्या सायेबाले लागलं तं नाई ना?" मी मान हलवली. त्या क्षणी एक शब्द बोलले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. नाही बोलले.

गारीमुळे दौरा तिथेच संपला; साहेब परत गेल्यावर मी घरी आले. आई परातीत फुटक्या कौलांचे तुकडे गोळा करत होती. तिने विचारलं, "कोनं टोकलं यायले?" मी म्हटलं, "मी. वीज पडेल म्हणून भ्याले." आई माझ्याकडे बघतच राहिली. तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "हो व. इजा लई चमकून रायल्या होत्या. पोरगी भ्याली." आई पुन्हा तुकडे गोळा करायला लागली. दुसऱ्या दिवशी गाव पारावर जमलं. ज्यांची बाग गेली होती ते रडत होते, ज्यांचं काहीच नव्हतं ते जास्त ओरडत होते. एकाने विचारलं, "महाराज, काय चुकलं?" मी तिथेच बायांमध्ये उभी होते. मास्तर खाली बघत होते. तुम्ही म्हणालात, "माह्याच हातानं झालं. सकाळी भूक सोसली नाई, भाकर खाल्ली." भाकर! त्या सकाळपासून गार पडेपर्यंत तुमच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ज्या एका गोष्टीचा तुम्हाला जन्मभर अभिमान होता तीच तुम्ही माझ्यासाठी चारचौघांत खोटी केलीत. त्यानंतर गावाने तुम्हाला बोलावलं नाही. तुम्ही दुसऱ्यांच्या बागेत संत्री तोडायला जाऊ लागलात. माझी बदली पांढुर्ण्याला झाली तेव्हा एक टोपली घेऊन आलात, गारीचे डाग पडलेली फळं, बाजारात कोणी न घेणारी. "साल नोको पाहू, खाय," म्हणालात. आपण दोघांनी बसून खाल्ली. मी बोलेन बोलेन म्हणत होते, आणि तुमच्या गाडीची वेळ झाली.

विज्ञान मला कळतं, बाबा. माझ्या हाकेने गार पडली नाही, तुमच्या शब्दांनी थांबली नसती. बत्तीस वर्षं मी हेच शिकवलं. त्या बेटावर आता विमानं ढगात शिरतात, चार-चार दिवस आधी कळतं. तरी झाडं पडायची ती पडतातच. माणसाच्या हातात फार तर आधी कळणं आहे. पण हे सगळं कळून माझं काही हलकं झालं नाही. गेल्या साली आपल्या गावी गेले होते. एका म्हाताऱ्याला विचारलं, ही बाग केव्हाची? तो म्हणाला, "महाराजाच्या गारीनंतरची." शिवरात्रीची नाही, होळीची नाही. गावात तेवढी एकच गार आहे जिला माणसाचं नाव आहे, आणि ते तुमचं आहे. मी तिथे सांगू शकले असते. ऐंशी ओलांडलेल्या बाईला कोण काय म्हणणार होतं? म्हाताऱ्याने चहा विचारला, मी चहा घेतला आणि परत आले.

हे कागद त्याच पुस्तकात ठेवते आहे, संतांच्या नावांच्या पानाशी. माझ्यामागे पुस्तक रद्दीत जाईल, कागदही जातील. एवढं मात्र लिहून ठेवते. त्या दिवशी ढग होते, वारा होता, गार होती. मी आईला सांगितली ती वीज एकदाही चमकली नव्हती, बाबा. तुम्ही आभाळाकडेच तोंड करून उभे होता.