अळ्यांचं पाणी

सर, आज लवकर घरी आले. हैदराबादच्या या खोलीत एकटीपुरती खिचडी टाकली, जेवले, आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पत्र पोचायचं नाही, हे कळण्याइतकं शिक्षण तुम्ही दिलंय. पण हे दुसऱ्या कोणाला सांगायची माझी छाती नाही.

अमरावतीच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत होतात. त्या वर्षांत बोंडअळीनं कपाशीचं वाटोळं केलं होतं. जवळच्या भातकुलीहून शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत अळ्या घेऊन थेट तुमच्या टेबलाशी यायचे. "पाच डाव फवारलं सर, अळी मरूनच नाही राहिली." मग तुम्ही त्यांना विषाणू लागून मेलेली अळी दाखवायचात, झाडाच्या शेंड्यावर चढून उलटी लटकलेली. तसल्या अळ्या आपण वेचून आणायचो, तुमच्या स्वयंपाकघरामागे वाटायचो, फडक्यातून गाळायचो आणि ते पाणी लोकांना बाटल्यांत भरून द्यायचो. उन्हानं विषाणू मरू नये म्हणून त्यात कपड्यांची नीळ घालायची, हे काम माझं. एकदा मी विसरले आणि एका माणसाची फवारणी फुकट गेली. तुम्ही त्याच्यासमोर मला म्हणालात, "त्याचं पीक गेलं, तुयं काय गेलं?" मी अकोल्याच्या जठारपेठेतली लाडावलेली मुलगी, रडत रडत घरची बस पकडली. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी परत आले, तर तुमच्या बायकोनं, काकूंनी, चहा पुढे ठेवला. पुढे दोन वर्षं रोज तुमच्याकडे चहा घेतला. हात धुऊन, तुमच्या सांगण्याप्रमाणे.

मग फळ्यावर लिहिताना तुमच्या हातातून खडू पडायला लागला. मेंदूत गाठ निघाली. मी राहायचे त्या घराची मालकीण म्हणाली, "कायले जातं वं त्याइच्या घरी? अळ्याइचा रोग सरच्या डोक्यात गेला म्हन्तेत." गावभर तेच झालं. भातकुलीच्या लोकांनी बाटल्या नाल्यात ओतल्या आणि पुन्हा दुकानातलं औषध आणलं. एकानंही तुमच्याकडे येऊन विचारलं नाही. इतरांचं सोडा, अळीचा तो विषाणू माणसाला लागत नाही हे मी परीक्षेत लिहून आले होते, तरी मी घरमालकिणीसमोर तोंड उघडलं नाही.

शेवटचं आले तो दिवस मला आत्ताही दिसतो. तुम्ही खाटेवर बसून आहात, डोक्याला रुमाल. पडवीत रिकाम्या बाटल्या ओळीनं पालथ्या घातल्यात. तुम्ही विचारता, "गाठीतल्या पेशीले वाढ वाढ म्हनून कोन सांगून राहिलं असन? हे तू पाह्य. माह्याच्यानं आता होत नाही." मी हो म्हणून मान हलवते. काकू चहा ठेवतात. मी कपाला हात लावत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता, मग कपाकडे. "भेव लागते काय तुले?" मी म्हणते, "नाही सर, आत्ताच घेऊन आले." तुम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागता. त्यानंतर मी तुमच्या घरी फिरकले नाही. तुम्ही गेल्याचं मला नोटीस बोर्डावर कळलं.

आता मी इथल्या प्रयोगशाळेत दिवसभर तेच पाहते, सर. पेशीच्या अंगावर वाढीचा निरोप स्वीकारणाऱ्या जागा असतात. निरोप आला की पेशी वाढते, थांबला की थांबते. गाठीत तो थांबतच नाही. काही गाठींत एका विषाणूच्या खुणा सापडतात. अळीचा नव्हे, तुमच्या-माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप पडून असलेला. काही प्रयोगशाळांना तो सापडतच नाही, आणि त्यावरून आम्ही एकमेकांशी कचाकचा भांडतो. गाठ त्याच्यामुळे होते असं कोणी सिद्ध केलेलं नाही. फार तर तो त्या निरोपाला जोर देत असावा, एवढा संशय आहे. तुमच्या डोक्यात काय होतं ते मला कधीच कळणार नाही. पण त्या बाटल्यांमुळे काही झालं नव्हतं. हे तेव्हा भातकुलीत जाऊन सांगायला हवं होतं, निदान काकूंना तरी. आता काकूही नाहीत.

नव्या मुलांना मी सांगते की हा विषय माझ्या सरांनी मला दिला. त्यांना ते फार आवडतं. पण पहिल्या पगारात मी काय केलं, ते त्यांना सांगितलेलं नाही. आईला साडी घेतली नाही. स्वतःच्या डोक्याचा एमआरआय काढून घेतला. तो स्वच्छ निघाला, तरी वर्षभरानं पुन्हा काढला. तुमचा प्रश्न मी त्याच्यानंतर हातात घेतला.

हे पत्र मी ठेवून देणार आहे. तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर तेवढं राहिलंय. हो सर, भेव लागलं होतं.