काचेवरचा निळा ठिपका

रत्नागिरी,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुजयदादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे अजून थंडीचा पत्ता नाही.

अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. फोनवर मी तुला ‘थोडं लागलंय’ म्हणाले होते. ते थोडं नव्हतं.

सोमवारी पूर्णगडचा अनिल माझ्या लॅबमध्ये घुसला. स्टुलाने काचा फोडल्या. मी उठले, तर केस धरून माझं तोंड मायक्रोस्कोपवर आपटलं. “बघ! आता तरी नीट बघ!” भुवई फाटली, दोन दात गेले. पडले तेव्हा मनगटावर पाय देऊन उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. माझी टेक्निशियन सानिका ओरडत बाहेर धावली, तेव्हा लोक आले. तो कोठडीत आहे.

त्याची बायको मथुरा. दोन वर्षांपूर्वी तिच्या कानाखालची गाठ काढली आणि तुकडा तपासायला माझ्याकडे आला. मी लिहिलं, साधी गाठ, धोका नाही. आता तिचा अर्धा चेहरा लुळा पडलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, लाळग्रंथीचा दुर्मिळ कॅन्सर. नसांच्या कडेने सरकणारा. फुप्फुसातही पोचलाय.

तू पाठवलेला तक्रारीचा मसुदा वाचला. ‘विनाकारण मारहाण’ लिहिलंयस. दादा, विनाकारण नाही.

काल दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन मथुराच्या त्या तुकड्याची जुनी स्लाइड पाहिली. पेशींच्या पुंजक्यात चाळणीसारखी भोकं, आणि कोपऱ्यात एका नसेला वेटोळं घालून बसलेल्या पेशी. साध्या गाठीत असं नसतं. नेमका तिथेच काचेवर माझ्या पेनाचा निळा ठिपका. म्हणजे मला तेव्हाच दिसलं होतं. कुणा जाणत्याला दाखवायचं म्हणून खूण केली, आणि रिपोर्टसाठी सर्जनचा तिसऱ्यांदा फोन आल्यावर सही करून मोकळी झाले.

सोबत आलेली सानिका हळूच म्हणाली, “मॅडम, स्पिरिटने पुसू? कुणाला कळणारपण नाही.”

मी तिच्या हातात कापूस दिलासुद्धा. मग काढून घेतला.

आज मथुराकडे गेले. ती म्हणाली, “त्यान् तुमाला मारलान, ता चुकीचाच. पन खरा सांगा, तुमाला तवा दिसला होता?”

“हो.”

तिने एक डोळा मिटला. दुसरा मिटतच नाही, तो माझ्याकडे बघत राहिला.

स्लाइड ठिपक्यासकट पोलिसांकडे दिली, जबाबही दिला. मारहाणीची तक्रार मी करणारच. त्याने मारलं ते मारलंच. मसुद्यातलं ‘विनाकारण’ तेवढं खोड.

आईला तू काही सांगू नकोस. मी सांगेन.

तुझी,
राजश्री

(नावाआधी ‘डॉ.’ राहील की नाही, ते ठरायचंय. म्हणून आज लिहिलं नाही.)