पिशवी काढल्यानंतरचं पोट

१८ जून २०२४, मंगळवार

त्रेसष्ट किलो! काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला. तेवढेच.

आज अंगणवाडीत गरोदर बायांची वजनं होती. सातजणी आल्या. कुणाचं वाढलं की मीच म्हणायचं – छान, असंच चालू दे. त्या गेल्यावर दार लोटलं आणि मी चढले. ऑपरेशनच्या आधी चोपन्न होते. फेब्रुवारीत पिशवी काढली, साडेचार महिने होऊन गेले. अंगातलं काही काढून टाकलं की माणसाने हलकं व्हावं ना? माझं उलटंच.

वाढलं ते सगळं पोटावर. हात, मान, तोंड तसंच काटकुळं. टाक्यांच्या वर एक घडी पडते, बसलं की मांडीवर टेकते. माझी वाटतच नाही ती. कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखी.

२१ जून

परकराची नाडी टाक्यांवर काचते. वर बांधली तर पोट पुढे दिसतं, खाली बांधली तर दुखतं. सकाळी तीनदा सोडली, तीनदा बांधली. शेवटी गाऊनवर बसले. अंगणवाडीला अर्धा तास उशीर.

गोरक्ष – या वहीत तरी नवऱ्याचं नाव लिहिते – म्हणाले, "दुसरी साडी नेस की." साडीचं काय आहे त्यात!

२६ जून

नगरला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, चीर घेतल्यावर पोटाचे स्नायू ढिले पडतात, आतली सूज उतरायला वेळ लागतो, आणि ऑपरेशननंतर तुम्ही व्यायाम असा केलाच नाहीत. रोज चाला. पोट आत ओढून दहा आकडे मोजा. सारखा पट्टा बांधून बसू नका.

मी विचारलं, "पिशवी होती तिथं आता काय असतं हो?"

"आतडी सरकतात थोडी. जागा भरून निघते."

भरून निघते. किती सहज म्हणाल्या! वाईट बाई नाहीत त्या. माझं रक्त सहावर आलं होतं तेव्हा त्यांनीच वाचवलं. दोन वर्षं महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस रक्त जायचं. गाठी एवढ्या मोठ्या की पिशवी ठेवताच आली नाही. सगळं कळतं मला. छत्तीस वय. लग्नाला चौदा वर्षं. मूल नाही. आता होणारही नाही. हेही कळतं.

३० जून

बंधाऱ्यापर्यंत चालले. भर गार वाऱ्यात अंगातून वाफा निघाल्या. पदर पिळावा एवढा घाम.

४ जुलै, गुरुवार

मीटिंगसाठी राहात्याला गेले. एसटीत एक आजोबा उठून उभे राहिले. "बस बाई. आशा दिवसांत उभं ऱ्हाऊ नये."

मी बसले. खिडकीकडे तोंड केलं. त्यांना खरं सांगायचं तर काय सांगायचं? आणि उभं राहिलं की ओटीपोट ओढतंच अजून. बसले, बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

९ जुलै

सासूबाई आल्या. गोजरबाई. पाथर्डीकडे थोरल्या दिरांकडे असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन इकडे करायचं ठरलं. दारातच मला जवळ घेतलं. दिसत नाही, म्हणून हातांनीच बघतात. पाठीवरून हात फिरवला, दंडावरून फिरवला, आणि पोटापाशी थांबला.

"जया! आगं माजे बाय! कितवा?"

गोरक्ष त्यांची पिशवी हातात धरून मागे उभे. फेब्रुवारीत आम्ही त्यांना अपेंडिक्स म्हणून सांगितलं होतं. गोरक्षच म्हणाले होते, आईला आत्ताच नको सांगायला, ती आशेवर आहे. पुढे ते 'आत्ताच' संपलंच नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. आणि म्हणाले – "पाचवा."

ऑपरेशनला पाच महिने झाले, तेच तोंडात आलं असेल. नाहीतर कुठून आलं? मी अंगणवाडीची बाई. रोज असल्या नोंदी करते. पाचवा म्हणजे काय ते मला माहीत नाही?

सासूबाईंनी रडतच माझी दृष्ट काढली.

१० जुलै

गोरक्ष चुलीमागे येऊन दबक्या आवाजात – "काय केलंस तू हे?"

"तुम्ही तरी कुठं खरं सांगितलंत?"

ते बाहेर निघून गेले. उद्या डोळ्याचं ऑपरेशन. झाल्यावर सांगू म्हणाले. आता त्यांना रडवायचं नाही, डोळ्याला इजा होईल म्हणे.

१३ जुलै

ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा लावून ओट्यावर बसून असतात. माझ्या पावलांचा आवाज आला की, "हंडा उचलला का? ठिव खाली!" गोरक्षला हाक मारून उचलायला लावतात. त्यांना वाकायला मनाई, म्हणून माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तेल चोळतात. मी नको म्हटलं. "गप. पाय सुजत्यात आशा टायमाला." आणि खरंच सुजलेत गं बाई माझे पाय! दिवसभर उभी असते.

"काय खावंसं वाटतं?"

मी शेंगोळी म्हणाले. त्या बसून सांगत होत्या, गोरक्षने वळली. वाकडीतिकडी. दोन ताटल्या खाल्ल्या.

खरं लिहिते. फेब्रुवारीत टाके ओले असताना पंधराव्या दिवशी मी भाकरी थापत होते. अपेंडिक्सचं काय एवढं! काय खावंसं वाटतं, असं कुणी विचारलं नाही. आता विचारतंय कुणीतरी. चार दिवस मी पट्टा बांधलेला नाही. पोट ओढून धरत नाही. कमरेवर हात ठेवून चालते. आज आरशात पाहिलं तेव्हा ते पोट मला घाण वाटलं नाही.

हे पाप आहे, माहीत आहे. उद्या सांगते.

१४ जुलै

नाही सांगितलं.

१५ जुलै, सोमवार

झालं. संपलं.

गावची आशा सेविका पंकजा दुपारी घरी आली. गरोदर बायांचं रजिस्टर घेऊन! हसत हसत – "काय हो ताई, साऱ्या गावाची नावं लिहिता अन् तुमचंच राहिलं? पाचवा लागला म्हणतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं." पेन उघडून बसली. "शेवटची पाळी कधीची?"

तारीख पाठ आहे मला. बावीस जानेवारी. शेवटचीच ती.

सरकारी रजिस्टर. तिथं खोटं लिहायचं? माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी पोरींची नावं आहेत त्याच्यात.

"लिहू नकोस, पंकजा. पिशवी काढली माझी. फेब्रुवारीत."

तिने पेन मिटलं. आणि मला दिसलं – सासूबाई आतल्या दारात, चौकटीला धरून. ओट्यावरून कधी उठल्या कळलंच नाही. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्या एवढंच म्हणाल्या –

"मंग पोटात हाय काय?"

"काही नाही, आई. चरबी."

भिंत चाचपत त्या आत गेल्या. पंकजा माझा हात धरून बसून राहिली. बराच वेळ. रजिस्टर पिशवीत घातलं तिने, माझ्यासमोर धरलंसुद्धा नाही.

१६ जुलै

सासूबाई जेवल्या नाहीत. चहा घेतला, तोही गोरक्षच्या हातून.

गोरक्ष गोठ्यात बसून रडले. चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाले, "तुला वाटतं मी तुझ्याकडे बघत नाही, पोट सुटलं म्हणून. तसं नाही गं. ऑपरेशनच्या त्या कागदावर सही माझी आहे. पोट दिसलं की ती सही दिसते."

हे काही महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं? मी कपडे बदलताना ते उठून बाहेर जायचे. मी काय काय समजून बसले होते!

त्यांना म्हटलं, "सही केलीत म्हणून मी आहे."

१८ जुलै

डोळा तपासून झाला. सासूबाई निघाल्या. राहता का म्हणून विचारायची माझी हिंमत झाली नाही. स्टँडवर गोरक्ष पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने. नीट, वरपासून खालपर्यंत. पोटापाशी नजर थांबली, मी पदर पुढे ओढला.

"लई दुखलं का गं तवा?"

"हो."

"मला बोलवायचं व्हतं."

गाडी लागली. गोरक्षने त्यांना चढवलं. खिडकीत बसल्या, पण वळून पाहिलं नाही. त्यांना मी नातवाची आशा लावली आणि काढूनही घेतली. असं कुणी वैऱ्याशीही करत नाही.

२२ जुलै

पुन्हा चालायला लागले. पंकजा येते सोबत. ती जुन्या गोष्टी काढत नाही, नुसती चालते. आता बंधाऱ्याच्या पुढे जातो. परत येऊन पोट आत ओढून दहापर्यंत मोजते.

वजन त्रेसष्टच.

२६ जुलै

थोरल्या जाऊबाईंचा फोन. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात. आवाज भरलेला.

"जया, आज कळलं गं. आत्याबाईनं सांगितलं, पाचव्यात गेलं म्हनून. आल्यापासनं लई रडत्यात. साऱ्या भावकीला बजावलंय – जयाला कुनी काय बोलायचं न्हाई, कुनी काय इचारायचं न्हाई."

मग हळूच विचारलं –

"काय व्हतं गं? पोरगा का पोरगी?"

"मुलगी," मी म्हणाले.